मनी प्लांट चावलेली कुत्री: पहिल्या अर्ध्या तासापासून तिसऱ्या दिवसापर्यंतचा प्रकरण अभ्यास

घटना घडली तेव्हा आमची कुत्री चिंगी दहा महिन्यांची होती आणि आदल्याच आठवड्यात केलेल्या नोंदीनुसार तिचे वजन ९.४ किलो होते. वजनाचा आकडा आरंभीच देते, कारण पुढे फोनवर डॉक्टरांनी विचारलेला दुसराच प्रश्न तो होता आणि त्याचे उत्तर अंदाजाने द्यावे लागले नाही, याचा उपयोग झाला.

संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी मी झाडांना पाणी घातले, तेव्हा खिडकीखालच्या कुंडीतील मनी प्लांटचा वेल धड होता. ७ वाजून १० मिनिटांनी मी पुन्हा त्या खोलीत गेले, तेव्हा कुंडी आडवी पडलेली होती, वेलाची खाली लोंबणारी दोन टोके तुटलेली होती आणि फरशीवर पानांचे ओलसर तुकडे विखुरलेले होते. चिंगी भिंतीच्या कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. तिच्या खालच्या ओठाच्या उजव्या कडेवरून लाळेची जाड, चिकट तार फरशीपर्यंत लोंबत होती. दर दोन-तीन सेकंदांनी ती पुढचा पंजा तोंडावरून ओढत होती आणि मधूनच जीभ बाहेर काढून रिकामेच गिळत होती. हाक मारल्यावर तिने शेपूट हलवली, पण जागची हलली नाही.

एरवी खाण्याच्या बाबतीत कधीही मागे न हटणारे जनावर असे गप्प उभे राहिलेले पाहिले की माणसाचे हात आधी कामाला लागतात आणि डोके नंतर चालू लागते. या प्रकरणातील सर्वांत मोठा धोका मला तिथेच दिसतो. सौम्य विषारी वनस्पतीने कुत्र्याला जेवढा त्रास होतो, त्याहून अधिक त्रास घाईघाईने केलेल्या उपायांनी होऊ शकतो, आणि आमच्या घरातही ती वेळ अगदी जवळ येऊन गेली.

पहिली दहा मिनिटे

मी चिंगीला उचलून दुसऱ्या खोलीत नेले आणि कुंडीच्या खोलीचे दार लावून घेतले. सांडलेले काहीही झाडून टाकायचे नाही, असे घरात सर्वांना सांगितले. त्यानंतर उजेडात तिचे तोंड उघडून पाहिले. दुखणाऱ्या तोंडात बोट घातले तर शांत कुत्रेही चावू शकते, म्हणून एकाने तिला मागून नीट धरले आणि मी बोटाला ओले फडके गुंडाळून दाढा आणि गालाच्या मध्ये अडकलेला पानाचा एक चोथा बाहेर काढला. जिभेची कड लालभडक झालेली होती आणि खालचा ओठ उजवीकडे किंचित फुगला होता, मात्र जीभ सुजलेली नव्हती आणि श्वासाचा कसलाही आवाज येत नव्हता.

मग तिचे डोके खाली झुकवून ओठाच्या फटीतून, बाजूने, थोडे थोडे गार पाणी सोडून तोंड धुतले, जेणेकरून ते पाणी लाळेसह बाहेर गळून जाईल. डोके वर करून घशात पाणी ओतणे येथे पूर्णपणे चुकीचे आहे, कारण तोंड दुखत असलेल्या कुत्र्याची गिळण्याची लय बिघडलेली असते आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. वेलाचा रस तिच्या पंज्यांना लागला असण्याची शक्यता होती आणि त्याच पंज्यांनी ती तोंड व डोळ्यांचा भाग चोळत होती, म्हणून चारही पाय साबणाने धुतले. हा रस डोळ्यात गेला तर तेथेही तीव्र जळजळ होते आणि मग डोळा स्वच्छ पाण्याने सलग पंधरा मिनिटे तरी धुवावा लागतो. सुदैवाने तिचे डोळे स्वच्छ होते.

याच सुमारास सासूबाई स्वयंपाकघरातून पेल्यात मिठाचे पाणी ढवळत बाहेर आल्या. पोटात विष गेले असेल तर ते उलटून बाहेर काढावे, हा विचार त्यांनी केवळ मायेपोटी केला होता आणि पूर्वी बहुतेक घरांत तसेच सांगितले जात असे. मी त्यांना थांबवले आणि आधी डॉक्टरांना विचारू या, असे म्हटले. मिठाचे पाणी पाजून उलटी झाली नाही, तर ते सारे मीठ शरीरात शोषले जाते आणि रक्तातील सोडियम इतके वाढू शकते की कुत्र्याला झटके येतात. असे मीठ जिवावरही बेतू शकते. म्हणजे ज्या पानाने तोंडाची आग होण्यापलीकडे सहसा काही होत नाही, त्यावरचा उपाय म्हणून आम्ही तिला खरोखरच घातक पदार्थ पाजला असता.

पानात नेमके काय असते

मनी प्लांट, ज्याचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम आहे, ते अळूच्या कुळातील झाड आहे. डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, मॉन्स्टेरा, पीस लिली आणि झेडझेड प्लांट ही घरात हमखास दिसणारी झाडेही त्याच कुळातील असून त्या सर्वांत कॅल्शियम ऑक्झलेटचे न विरघळणारे स्फटिक असतात. अळूचे देठ चिरताना हाताला जी खाज सुटते, तिच्या मागेही हेच स्फटिक आहेत. ते अतिशय बारीक आणि दोन्ही टोकांना अणकुचीदार सुयांसारखे असतात आणि विशिष्ट पेशींमध्ये जुडीने रचून ठेवलेले असतात. पान चावले की पेशी फुटते, आत पाणी शिरते आणि या सुया बाहेर फेकल्या जाऊन ओठ, जीभ, हिरड्या व घसा यांच्या मऊ त्वचेत घुसतात.

यातून तीन गोष्टी आपोआप उलगडतात. एक म्हणजे त्रास जवळजवळ लगेच सुरू होतो. तासन्‌तास वाट पाहून मग लक्षणे दिसावीत, असे येथे सहसा होत नाही. दुसरे, त्रास मुख्यतः जिथे पान लागले तिथेच होतो, म्हणजे तोंडात, घशात आणि काही अंशी जठरात. हे स्फटिक विरघळत नसल्याने ते रक्तात मिसळून मूत्रपिंडापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न सहसा येत नाही. आणि तिसरे, तोंड इतके चटकन पोळते की बहुतेक कुत्री दोन-चार घासांतच थांबतात, त्यामुळे पोटात जाणारे प्रमाण बहुधा थोडेच असते. चिंगीचे खाली मान घालून उभे राहणे हे विष भिनल्याचे लक्षण नव्हते, तर तोंडात शेकडो कुसळे रुतल्यावर जे व्हावे, तेच तिला होत होते.

उलटी करवायची नाही, याचे कारणही याच रचनेत आहे. वर येणाऱ्या पानांबरोबर त्या सुया अन्ननलिकेतून आणि घशातून दुसऱ्यांदा घासत येतात, शिवाय सुजलेल्या घशातून उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. विषबाधेत वापरला जाणारा औषधी कोळसाही येथे उपयोगी पडत नाही, कारण तो स्फटिकांना धरून ठेवू शकत नाही. माणसांच्या औषधांच्या डब्यातील वेदनाशामक गोळी तर मुळीच द्यायची नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्यांच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. पॅरासिटामॉल यकृतावर आघात करते.

फोनवरील संभाषण

७ वाजून २२ मिनिटांनी मी आमच्या नेहमीच्या पशुवैद्यांना फोन लावला. त्यांनी विचारलेले प्रश्न क्रमाने असे होते: कोणते झाड, कुत्रीचे वजन किती, किती खाल्ले, केव्हा खाल्ले, आता काय दिसते आहे, आधीचा काही आजार किंवा चालू औषध आहे का. मी “मनी प्लांट” असे उत्तर दिल्यावर त्यांनी पहिल्या प्रश्नावरून पुढे जाण्यास नकार दिला. “नाव नको, फोटो पाठवा. पान, देठ आणि पूर्ण झाड, तिन्ही दिसू द्या,” असे ते म्हणाले.

त्या क्षणी हा वेळेचा अपव्यय वाटला, पण तसे नव्हते. मनी प्लांट या एकाच नावाने वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी झाडे ओळखली जातात. काही लोक जाड पानांच्या जेड प्लांटलाही तेच म्हणतात. नावांचा हा घोळ इतरत्र तर जिवावर बेतणारा ठरतो. अरेका पाम कुत्र्याने खाल्ला तर घाबरण्याचे फारसे कारण नसते, पण सागो पाम या नावाने विकले जाणारे झाड मुळात पामच नाही. ते सायकस आहे आणि त्याचा प्रत्येक भाग, विशेषतः बी, कुत्र्याचे यकृत निकामी करू शकते. एक-दोन बियाही प्राणघातक ठरल्या आहेत आणि यकृताची लक्षणे दिसायला दोन-तीन दिवस लागू शकतात. तसे झाड असते, तर चिंगी वरकरणी ठणठणीत दिसत असतानाही आम्हाला त्याच मिनिटाला दवाखान्यात धावावे लागले असते आणि तेथे डॉक्टरांनी कदाचित स्वतःच तिला उलटी करवली असती. कण्हेर आणि कलांचो ही झाडे हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. तेथेही घरी बसून वाट पाहायची नसते. “सौम्य विषारी” हा शब्द झाडाची ओळख पटल्यानंतरच उच्चारायचा असतो.

आमच्या फोटोत हृदयाच्या आकाराची, पिवळ्या रेषा असलेली पाने आणि वेलाच्या पेरांवर फुटलेली तपकिरी हवाई मुळे स्पष्ट दिसत होती. झाडाची खात्री पटताच डॉक्टरांचा स्वर बदलला. त्यांनी तिला दोन छोटे चमचे गार, साधे दही चाटवायला सांगितले. दुधा-दह्यातील कॅल्शियम सुटे ऑक्झलेट बांधून ठेवते आणि गारव्याने तोंडाला आराम पडतो, पण प्रमाण थोडेच ठेवायचे, कारण बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही आणि मग जुलाबाचे नवे लक्षण मूळ चित्रात गोंधळ घालते. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले गोड दही कदापि द्यायचे नाही, हेही त्यांनी बजावले. ते कुत्र्यांना स्वतंत्रपणे विषारी आहे.

“किती खाल्ले?” या प्रश्नाचे उत्तर मी अर्ध्या तासाने दिले. बंद खोलीतील सगळे तुकडे गोळा करून जुन्या वर्तमानपत्रावर पसरले आणि फाटलेल्या कडा एकमेकींना लावून पाने जुळवत गेले. तुटलेल्या दोन टोकांवर देठांच्या खुणांवरून नऊ पाने असावीत असे दिसत होते. त्यांतील सहा जवळजवळ पूर्ण जुळली. त्यांच्या कडांवर अर्धवर्तुळाकार दातांच्या खाचा होत्या, म्हणजे ती चावून थुंकलेली होती. एकाचा निम्मा भाग मिळाला, दोन पाने सापडलीच नाहीत. अडीच पाने, तीही मध्यम आकाराची. हा हिशेब करायला पंधरा मिनिटे लागली, पण “खूप खाल्ले हो” आणि “जास्तीत जास्त अडीच पाने” या दोन उत्तरांवर डॉक्टरांनी द्यायचा सल्ला सारखा असू शकत नाही.

मातीतील पांढरे दाणे

तुकडे गोळा करताना सांडलेल्या मातीत मला साबुदाण्याहून लहान, पांढरट दाणे दिसले, आणि या प्रकरणाचा खरा विचार करायला लावणारा भाग तिथून सुरू झाला. तोपर्यंत आमचे सगळे लक्ष पानांवर होते. कुत्र्याने कुंडी पाडली आहे, म्हणजे त्याने केवळ पाने खाल्ली असतील असे गृहीत धरता येत नाही. माती, खत, कीटकनाशक, बशीत साचलेले पाणी, वेलाला आधार म्हणून लावलेली तार किंवा दोरा, यांपैकी काहीही पोटात गेलेले असू शकते.

अडचण अशी की लाळ गळणे आणि उलटी होणे ही लक्षणे दोन्हीकडे सारखीच असतात. कुंडीत घातलेल्या काही दाणेदार कीटकनाशकांत ऑर्गनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातील रसायने असतात आणि त्यांच्या विषबाधेतही कुत्र्याची लाळ अशीच ओघळते. मनी प्लांटचे नाव एकदा पक्के झाल्यावर ती लाळ पाहून “हे तर अपेक्षितच आहे” असे म्हणून निर्धास्त बसणे सोपे होते. फरक ओळखायचा तो बाकीच्या शरीरावरून: कीटकनाशकाच्या बाधेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, डोळ्यांतून पाणी वाहते, लघवी व शौच अनावर होते, स्नायू फडफडतात, अंग थरथरते आणि चाल अडखळते. ऑक्झलेटच्या स्फटिकांनी यांपैकी काहीही होत नाही. तेथे सारी तक्रार तोंडाची असते.

मी पुन्हा फोन केला. डॉक्टरांनी तिला चालवून पाहायला, बाहुल्या पाहायला आणि मांडीवर हात ठेवून स्नायू फडफडतात का ते तपासायला सांगितले. ती सरळ चालली, बाहुल्या दिव्याच्या उजेडात लहान आणि सावलीत मोठ्या होत होत्या, अंग शांत होते. दरम्यान कपाटातून खताचे पाकीट शोधून काढले; त्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण लिहिलेले होते आणि कीटकनाशकाचा उल्लेख नव्हता. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवल्यावर त्यांनी सांगितले की असे थोडे दाणे गिळले असले, तरी पोट बिघडण्यापलीकडे काही होऊ नये. हाडांचा चुरा असलेले खत असते, तर त्यांनी वेगळी काळजी घ्यायला सांगितली असती, कारण त्याच्या वासाने कुत्री ते भरपूर खातात आणि पोटात त्याचा गोळा होऊन आतड्यात अडथळा निर्माण होऊ शकतो.

पाकीट फेकून दिले असते, तर या शंकेचे निरसन झाले नसते आणि केवळ खात्री करण्यासाठी तिला रात्री दवाखान्यात न्यावे लागले असते. तसे करणेही योग्यच ठरले असते.

रात्रीची पाळत

डॉक्टरांनी घरी थांबण्यास परवानगी दिली, पण ती बिनशर्त नव्हती. श्वासात घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, जीभ तोंडात मावेनाशी होणे, पाणी गिळता न येणे, तीनपेक्षा अधिक उलट्या, उलटीत किंवा शौचात रक्त, हिरड्या फिकट पडणे, तोल जाणे अथवा हाकेला प्रतिसाद न देणे, यांपैकी एक गोष्ट दिसली तरी पुन्हा फोन न करता थेट निघायचे, असे ठरले. घशाची सूज वाढून श्वास अडणे या कुळातील झाडांमुळे क्वचितच घडते, पण घडले तर वेळ फार कमी मिळतो. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत तर डॉक्टर आरंभीच समोर आणायला सांगतात, कारण त्यांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो. पिल्लांच्या बाबतीतही तोच न्याय लावावा.

पाळत ठेवणे म्हणजे शेजारी बसून राहणे नव्हे, हे त्या रात्री समजले. मी वहीत दर अर्ध्या तासाला चार गोष्टी लिहिल्या: मिनिटाला श्वास किती, हिरड्यांचा रंग, ओठाची सूज, लाळ. श्वास मोजताना छाती वर येऊन खाली गेली की एक धरायचा. कुत्रे निवांत असताना हा आकडा साधारणपणे तीसच्या आत असतो. ८ वाजता तो २८ होता, ११ वाजता ती झोपलेली असताना १९. हिरडीवर बोट दाबून सोडले की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. तो प्रत्येक वेळी झाला. वहीत आकडे असल्यामुळे “मघापेक्षा जोरात श्वास घेतेय का?” असा घरातील प्रत्येकाचा वेगवेगळा भास थांबला.

८ वाजून २५ मिनिटांनी तिला आपसूक एक उलटी झाली. फेसाळ पाण्यात पानाचे चार-पाच हिरवे तुकडे होते, रक्त नव्हते. आपण करवलेली उलटी आणि आपोआप झालेली उलटी यांत फरक आहे. दुसरी थांबवण्याचा प्रयत्न करायचा नाही, फक्त मोजायची. त्यानंतर दोन तास खायला काही दिले नाही, पाणी मात्र थोडे थोडे समोर ठेवले. लाळ साडेनऊच्या सुमारास ओसरली. पावणेअकराला ती स्वतः उठून पाण्यापाशी गेली, पहिला घोट घेताना थबकली आणि मग सावकाश वाटी संपवली. त्या थबकण्याने माझ्या पोटात कालवले होते, हे नोंदवहीत लिहिलेले नाही.

पुढील दिवस

सकाळी ओठाची सूज उतरलेली होती, फक्त जिभेच्या कडेला एक लालसर पट्टा राहिला होता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दिवसभर तिला मऊ शिजवलेले, बिनमसाल्याचे अन्न थोड्या थोड्या वेळाने दिले. कोरडे कडक दाणे दोन दिवस बंद ठेवले, कारण सोललेल्या तोंडाला ते टोचतात. दुपारी एकदा पातळ शौच झाले आणि त्यावर काही उपचार करावा लागला नाही. या प्रकारच्या बाधेत बहुतेक त्रास चोवीस तासांत निवळतो आणि चिंगीच्या बाबतीतही तसेच झाले. चोवीस तासांनंतरही ती खायला तयार नसती किंवा लाळ चालूच असती, तर तोंडात वा घशात काही अडकले आहे का हे पाहण्यासाठी तपासणी करावी लागली असती.

घरातील झाडांची पाहणी त्याच आठवड्यात केली. मनी प्लांट टाकून दिला नाही, पण वेल छतालगतच्या कडीला टांगला आणि खाली लोंबणारी टोके दर पंधरा दिवसांनी कापण्याचे ठरवले, कारण उंचावरील कुंडीतून गळून पडलेले पानही फरशीवरच येते. कडू चवीचे फवारे मी वापरून पाहिले. चिंगीने दुसऱ्या दिवशी फवारलेला देठही चघळायला घेतला, म्हणून त्यांवर विसंबून राहणे मला पटत नाही. खिडकीखालच्या जागेत आता स्पायडर प्लांट आहे, जो कुत्र्यांना विषारी नाही. प्रत्येक कुंडीच्या तळाशी झाडाचे शास्त्रीय नाव आणि घातलेल्या खताचे नाव लिहिलेली चिकटपट्टी लावली असून खतांची रिकामी पाकिटे एका डब्यात जपून ठेवली आहेत. दहा महिन्यांच्या कुत्रीला चघळायला काहीतरी लागतेच, म्हणून चघळण्याचे एक जाड रबरी खेळणे त्या खोलीत कायमचे ठेवले. ते आधी का ठेवले नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घट्ट शौचात बोटाच्या पेराएवढा, पिवळी रेष असलेला पानाचा एक तुकडा दिसला. डॉक्टरांना कळवले, त्यांनी नोंद थांबवायला सांगितली, आणि तारखेखाली रेघ मारून मी ती वही मिटली.